तलावाकाठच्या अक्का

मासे तळायला घेण्याआधी अक्का गच्चीवर जायच्या, बोट ओलं करायच्या आणि वर धरून वारा बघायच्या. वारा पश्चिमेचा असला तर शेगडी पेटायची नाही, कारण पूर्वेला भिंतीला भिंत लागून माळकऱ्यांचं घर होतं. मग तो मासा वारा फिरेपर्यंत थांबायचा आणि अक्काही उपाशी थांबायच्या. पिंप्राळ्यातल्या त्या कॉलनीत बहुतेक घरं शाकाहारी होती, पण अक्कांच्या माशाबद्दल कुणी तक्रार केल्याचं मी तीन वर्षांत ऐकलं नाही. "आपल्या घरचा वास आपल्या भिंतीत राहावा," एवढंच त्या म्हणायच्या. त्यांच्या मानानं हे बरंच लांब वाक्य होतं.

मी त्यांची भाडेकरू. मूळची चाळीसगावची, जळगावात विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली आणि अक्कांच्या घराची वरची खोली मिळाली. पहिल्या दिवशी त्यांनी मला घर दाखवलं ते बोट दाखवून. नळाकडे बोट, मग घड्याळातल्या सहाकडे बोट. म्हणजे पाणी सहाला येतं. गच्चीच्या कडीकडे बोट आणि मान आडवी; म्हणजे कडी उघडी ठेवायची नाही. मला वाटलं, घसा बसला असेल. आठ दिवसांनंतरही तेच चाललेलं पाहून कळलं की घसा ठणठणीत आहे, बाई बोलत नाहीत.

माझी आई मला भेटायला आली, तेव्हा अक्कांनी तिला चहा दिला, शेवभाजी खाऊ घातली आणि तासभर तिच्यासमोर गप्प बसून राहिल्या. आई वर येऊन हळूच म्हणाली, "काय गं, तुझी घरमालकीण मुकी आहे का?" दुसऱ्या दिवशी आई निघाली. फाटकाशी अक्का उभ्या होत्या. म्हणाल्या, "नऊ वीसची गाडी पाचोऱ्यात फार वेळ थांबते. दहाची घ्या. ती तिच्याबरोबरच पोचते, आणि तिला गर्दी नसते." आई रिक्षात बसेपर्यंत वळून वळून बघत होती. रिक्षा सुरू होताना मला म्हणाली, "हा आवाज मी कुठंतरी ऐकलाय गं."

ऐकलेलाच होता. आख्ख्या खान्देशानं ऐकलेला होता. तीस वर्षं अक्का बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीमागे बसून माइकवर गाड्या पुकारत होत्या. कुठली गाडी, कुठून कुठे, कुठल्या मार्गे, कुठल्या फलाटावर. त्या काचेमागचा चेहरा फार थोड्यांनी नीट पाहिला असेल, कारण माणूस ऐकताना भोंग्याकडे बघतो. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि गळ हातात घेतला.

गळ त्यांना नवा नव्हता. त्यांचं माहेर शिरपूरकडचं, तापीकाठचं. वडील आणि भाऊ नदीवर जाळं टाकायचे, आणि धाकटी म्हणून अक्कांच्या हातात लहानपणीच बांबूची काठी आली होती. लग्न होऊन जळगावला आल्या, नवरा लवकर गेला, मूल झालं नाही, नोकरीत तीस वर्षं गेली. एवढ्या काळात गळाला हात लागला नाही. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी रिक्षानं त्या शहरातल्या बागेच्या तलावावर गेल्या. काठी रिक्षाच्या बाहेर हातभर आलेली. तिला त्यांनी लाल फडकं बांधलं होतं, मागून येणाऱ्याला दिसावं म्हणून.

हे सगळं मला एकदम कळलेलं नाही. रविवारी मी त्यांना स्कूटीवर तलावावर नेऊ लागले, तेव्हा तुकड्या-तुकड्यानं समजत गेलं.

तलावातली मासेमारी ठेक्यानं दिलेली होती, पण काठावर बसून गळ टाकणाऱ्यांना ठेकेदार वर्षाचा पास द्यायचा. अक्कांनी तो पास प्लॅस्टिकमध्ये घालून खांद्यापाशी पदराला पिनेनं लावलेला असायचा. कुणी विचारो न विचारो, तो दिसला पाहिजे. बाकी गळवाले सगळे पुरुष, सिमेंटच्या पायऱ्यांवर बसून मोबाईलवर गाणी लावणारे. अक्का त्यांच्यापासून लांब, बाभळीच्या बुंध्याशी पोतं टाकून बसायच्या. पाचवारी साडी, डोक्यावर पदर, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. सकाळी फिरायला येणाऱ्यांना हे काय प्रकरण आहे तेच कळायचं नाही. एकदा एका गृहस्थानं त्यांच्याशेजारी दोन केळी ठेवली आणि हात जोडून पुढे गेला. अक्कांनी एक केळं खाल्लं, दुसरं मला दिलं.

आमिषाची कणीक त्या स्वतः मळायच्या. त्यात शेंगदाण्याची ढेप कुटून घालायची, चिमूटभर हळद, आणि मळायचं ते इतकं निगुतीनं की माझ्या पोळ्यांच्या कणकेकडे बघून त्यांना वाईट वाटायचं. "तुझ्या कणकेला मासाबी तोंड लावणार नाही," असं त्या एकदा म्हणाल्या, आणि त्या दिवशी माझ्या पोळ्या त्यांनीच लाटल्या.

काठावर बसल्या की त्या पाण्याशी बोलायच्या. माणसांशी शुद्ध, बेतशीर मराठी, पाण्याशी अहिराणी. अगदी पुटपुटल्यासारखं. लहान मासा लागला तर ओल्या हातानं गळ सोडवून त्याला पाण्यात सोडायच्या: "जाय माय, मोठी व्हईसन ये." घरी एकच मासा न्यायचा, तोही बुधवारी आणि रविवारी. दुसरा लागला तर सोडायचा. बाजूचे गळवाले हळहळायचे. एक जण म्हणाला, "अक्का, एवढा कटला सोडला? आम्हाला तरी द्यायचा!" अक्का म्हणाल्या, "तुझा तू धर."

अशा तुटक बोलण्यानं माणसं दुखावायचीही. शेजारची सून बाळाला घेऊन कौतुकानं दाखवायला आली, तर अक्कांनी बाळाच्या कपाळावर हात ठेवला, मान हलवली आणि दार लावून घेतलं. ती बिचारी रडवेली झाली. दुसऱ्या दिवशी तिच्या दाराशी अक्कांनी शिवलेली दुपटी होती, चार. पण शब्द एक नाही. मी एकदा धीर करून म्हटलं, "अक्का, दोन शब्द बोललात तर काय बिघडतं?" त्या गळाकडेच बघत राहिल्या. म्हणाल्या, "तीस वर्षांत सगळ्यांच्या वाट्याचं बोलून झालं."

मे महिना संपत आला होता तेव्हाची गोष्ट. तलाव खूप आटला होता, पायऱ्यांखालचा गाळ उघडा पडला होता. तीन-चार दिवस ढग धरून होते, पण पाऊस नाही आणि वाराही नाही. अंगाची नुसती चिकचिक. रविवारी दिवस उगवता उगवता आम्ही तलावावर पोचलो. मी स्कूटी लावून काठाशी आले तर काठाच्या पाण्यात जिकडे तिकडे माशांची तोंडं. शेकडो. वर आलेली, उघडमीट करणारी. मला वाटलं, कुणीतरी खायला टाकलं असेल.

"अक्का, आज मजा आहे तुमची! सगळे वर आलेत!"

अक्कांनी हातातली काठी खाली ठेवली. ठेवली म्हणजे टाकलीच. "अवं, खाई नही ऱ्हायनात," त्या म्हणाल्या, "मरी ऱ्हायनात."

पाण्यातली हवा संपली की मासा वर येऊन तोंड उघडतो, हे त्यांनी मला धावता धावता सांगितलं. हो, धावता धावता. सत्तरीकडे झुकलेली ती बाई पांढऱ्या बुटांनी बागेच्या फाटकाकडे धावत होती आणि मी मागून. तलावाच्या मधोमध कारंजं बसवलेलं होतं. ते चालू केलं की पाण्यात हवा जाईल, एवढं साधं गणित. फाटकाशी केबिन होती, तिथे वॉचमन भजनं लावून बसला होता.

"भाऊ, कारंजं लाव. लगेच."

"किल्ली माझ्याकडं नसते अक्का. पंपवाला नऊला येतो."

"नऊला काय, तेरावं घालायला?"

वॉचमन हसला. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी केबिनमध्ये नजर फिरवली. बाग बंद व्हायची वेळ झाली की वॉचमन ज्यावर शिट्टी मारून ओरडायचा, तो माइक टेबलावर होता. अक्का आत शिरल्या, खुर्चीवर बसल्या, भजन बंद केलं. माइक जरा तिरका केला, तोंडापासून चार बोटं लांब धरला. त्यांचा हात त्या गोष्टीला किती सरावलेला आहे ते त्या एका हालचालीत दिसलं.

"लक्ष द्या," अक्का म्हणाल्या.

बागेतल्या प्रत्येक खांबावरून तो आवाज आला. उंच नाही, घाईचा नाही. प्रत्येक अक्षर सुटं आणि लख्ख. "तलावावर फिरायला आलेल्या सर्व नागरिकांनी लक्ष द्यावे. तलावातील माशांना श्वास घेता येत नाही. पाणी हलवायचे आहे. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी पायडलच्या बोटींकडे जावे. ज्यांचे गुडघे चांगले नाहीत त्यांनी काठावरून काठीने पाणी मारावे. कारंज्याची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांनी ताबडतोब पंपाच्या खोलीपाशी यावे. पुन्हा एकदा लक्ष द्या..."

मी केबिनच्या दारात उभी होते. बागेच्या वाटेवरची माणसं जागच्या जागी थांबली. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत चालले होते, ते तर फाटकाकडे वळून ओरडलेच, "अरे, ही आपली स्टँडवरची बाई! एरंडोलला बावीस वर्षं नोकरीला गेलो मी हिच्या आवाजावर!" आणि मग जे झालं ते मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. हास्यक्लबातले आठ-दहा ज्येष्ठ नागरिक, जे रोज हात वर करून खोटं खोटं हसायचे, ते बोटींचे दोर सोडत होते. मॅचिंग ट्रॅकसूट घातलेली जोडपी बदकाच्या आकाराच्या बोटीत बसून पायडल मारत होती. एरंडोलचे गृहस्थ काठावर बसून काठीनं पाणी झोडपत होते. बागेच्या मागच्या भिंतीपलीकडे राहणारा पंपवाला बनियनवर, तोंडात ब्रश तसाच, भिंतीवरून उडी मारून आला. त्याला किल्लीसाठी कुणी शोधलं नव्हतं, त्यानं घरात ऐकलं होतं.

कारंजं सुरू झालं. अक्का माइक सोडत नव्हत्या. "निळ्या बोटीने उत्तरेकडे जावे. एकाच जागी फिरू नये." निळी बोट उत्तरेकडे जायची.

दोन-अडीच तासांनी तोंडं दिसेनाशी झाली. काही मासे गेले. मोठे कटले काठाला लागले होते. अक्कांनी ते गोळा केले आणि वॉचमनकडून कडुलिंबाखाली खड्डा खणून घेऊन पुरून टाकले. बाकीचे वाचले. त्यानंतर पंधरा दिवस त्यांनी गळ टाकला नाही. "दमलेत ते," म्हणाल्या.

पण मी त्या सकाळी एक गोष्ट केली होती. केबिनच्या दारातून त्यांचा व्हिडिओ काढला होता. अभिमानानं काढला होता, हे खरंच आहे. त्याच दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, "माझ्या अक्का." संध्याकाळपर्यंत तो जळगावभर फिरला होता आणि दुसऱ्या दिवशी धुळ्याला माझ्या मावशीच्या फोनवर पोचला होता.

मग माणसं येऊ लागली. स्थानिक चॅनेलवाले आले. एका मंडळाला सत्कार करायचा होता, दुसऱ्याला सूत्रसंचालन हवं होतं. चांगली माणसंही आली. एक मध्यमवयीन माणूस आला आणि म्हणाला, माझी आई तुमचा आवाज ऐकून माझ्याकडे यायची गाडी पकडायची. आई आता नाही. त्याला अक्कांनी आत बोलावून चहा दिला, पाठीवरून हात फिरवला. पण तलावावर त्यांना बसणं अशक्य झालं. बाभळीखाली पोतं टाकलं की पाच मिनिटांत पोरं-पोरी मोबाईल घेऊन हजर. "अक्का, एकदा म्हणा ना, चोपडा गाडी फलाट क्रमांक चार! एकदाच! रील बनवायची आहे." अक्का गळ गुंडाळायच्या आणि घरी यायच्या.

तिसऱ्या वेळी असं झालं त्या संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं.

"व्हिडिओ तू टाकला?"

"हो अक्का."

"मला विचारायचं होतं."

मी म्हटलं, "पण अक्का, लोक कौतुक करतायत. वाईट एक माणूस बोललेला नाही."

अक्कांनी मला बसायची खूण केली. मग जे बोलल्या, ते मी तीन वर्षांत त्यांच्याकडून ऐकलेलं सगळ्यात मोठं बोलणं होतं. एकदा सणाच्या गर्दीत चोपड्याच्या शेवटच्या गाडीचा फलाट बदलला होता. बदललेल्या फलाटाची चिठ्ठी त्यांच्या हातात होती. तरी सवयीनं तोंडातून जुनाच आकडा गेला. एक बाई लहान मुलीला घेऊन त्या फलाटावर उभी राहिली आणि गाडी दुसऱ्या टोकाहून निघून गेली. बाईचा बाप शेवटच्या घटका मोजत होता, म्हणून ती निघाली होती. ती खिडकीशी आली. भांडली नाही. फक्त म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगितलं ना चार?" अक्कांनी तिला घरी आणलं, जेवू घातलं, सकाळी पहिल्या गाडीत बसवून दिलं. ती पोचली तेव्हा बाप गेलेला होता.

"महिन्यानं तिचं पत्र आलं," अक्का म्हणाल्या. "तुम्ही मला आणि माझ्या मुलीला जेवू घातलं, उपकार विसरणार नाही, असं. शिव्या घातल्या असत्या तर मी मोकळी झाले असते गं." मग म्हणाल्या, "त्यानंतर अकरा वर्षं नोकरी केली. रोज प्रत्येक आकडा दोनदा वाचून बोलले. ज्या आवाजाची तुम्ही वाहवा करताय, त्याची मला भीती वाटते. त्या दिवशी मासे मरत होते म्हणून बोलले."

मी व्हिडिओ काढून टाकला. पण तो आता माझ्याकडे कुठे होता? हजार फोनांत होता.

पावसाळा सुरू होता होता अक्का माहेरी गेल्या, भावाकडे, तापीकाठी. जाताना मला घराची किल्ली दिली, नळाकडे बोट दाखवलं, गच्चीच्या कडीकडे बोट दाखवलं. रिक्षात काठी हातभर बाहेर आलेली. मी वाट बघितली. वाटलं, पंधरा दिवसांनी येतील. त्या आल्या नाहीत. पुढच्या वर्षी माझी धुळ्याला बदली झाली. फोन केला तर "बरं" म्हणाल्या. किल्ली शेजारच्या माळकऱ्यांकडे देऊन मी खोली सोडली.

त्यांना भेटायला जायचं धाडस व्हायला मला दीड वर्ष लागलं. धुळ्याहून शिरपूर, तिथून जीपनं नदीकाठच्या गावात. गाडीत मी माफीची वाक्यं जुळवत बसले होते. कुणीतरी नदीकडची पायवाट दाखवली. अक्का एका खडकावर बसल्या होत्या. पांढरे बूट बाजूला, पाय पाण्यात.

"अक्का, मी..."

"बस आधी. उन्हातनं आलीस." मग माझ्याकडे बघून सरळ म्हणाल्या, "राग आला होता. खूप. आता नाही."

माझी जुळवलेली सगळी वाक्यं वाया गेली. त्यानंतर अक्का बोलत सुटल्या. मला कान देऊन ऐकावं लागत होतं, कारण सगळं अहिराणीत आणि भरभर. भावाच्या म्हशीबद्दल, वहिनीच्या गुडघ्यांबद्दल, नदीला आलेल्या पुराबद्दल; कुठल्या डोहात मरळ आहे आणि ती किती लबाड आहे याबद्दल. माझी नोकरी, माझी आई, माझं लग्न का होत नाही, धुळ्यात घर कसं आहे, कणीक आता तरी नीट मळते का. त्या हसत होत्या. मोठ्यानं. मी त्यांचे दात पहिल्यांदा नीट पाहिले. इतकी वर्षं मी त्यांना अबोल बाई समजत होते.

दुपार कलली तेव्हा त्यांचा भाऊ जाळं खांद्यावर टाकून काठाकाठानं आला. माझ्याकडे बघून थबकला.

"कोन शे वं हाई?"

अक्कांनी गळ वर ओढला, आमिष तपासलं, पुन्हा पाण्यात सोडला.

"मनी भाडेकरू," त्या म्हणाल्या.

माझी भाडेकरू. मी खोली सोडल्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. त्या खोलीत अक्कांनी अजून दुसरं कुणी ठेवलेलं नाही, हे मला तेव्हा कळलं.